साहेब, एक सांगायचं होतं

मुंबई-गोवा महामार्गाने खेडहून चिपळूणकडे येताना परशुरामचा घाट लागण्यापूर्वी लोटे लागते. तुमच्यापैकी पुष्कळांनी हे गाव पाहिले असेल. गाडीची काच खाली केली की नाकालाच कळते, आपण कुठे आलो ते! भातशेती आणि आंब्या-काजूच्या मुलखात उभी राहिलेली ही रासायनिक कारखान्यांची वसाहत. पाळी बदलायच्या वेळेला रस्त्यावर उभे राहावे. घाणेखुंट, आवाशी, असगणी, धामणदेवी अशा भोवतालच्या गावांतली मुले दुचाकीवरून येतात. खेड-चिपळूणकडची बसने येतात. एक पाळी आत जाते, एक पाळी बाहेर येते. आत जाणाऱ्यांचे आणि बाहेर येणाऱ्यांचे चेहरे न्याहाळले तर कारखान्यात काय चालते याचा थोडासा अंदाज बाहेरच्या माणसालाही येतो.

आज मी तुमच्याशी यंत्रांविषयी किंवा रसायनांविषयी बोलणार नाही. त्यातले मला कळत नाही. मला बोलायचे आहे ते एका लहानशा वाक्याविषयी. हाताखालचा माणूस वरिष्ठाच्या खोलीच्या दाराशी येतो, जरा घुटमळतो आणि म्हणतो, "साहेब, एक सांगायचं होतं." या वाक्यानंतर काय घडते, यावर त्या माणसाची झोप, त्याची प्रकृती आणि त्या जागेचे काम, तिन्ही अवलंबून असतात. हे कसे, तेच आज पाहू.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कारखान्यात कामाला आहे. शिमग्याच्या सुट्टीत तो घरी आला होता. गप्पा मारता मारता त्याने मला एका रात्रपाळीची हकीगत सांगितली. एका भांड्याचे तापमान काट्यावर हळूहळू चढत असल्याचे त्याच्या लक्षात आले. पण तो बोलला नाही. का? तर आठ दिवसांपूर्वी असेच काहीसे पाहून तो शिफ्ट इन्चार्जकडे धावत गेला होता. तेव्हा तपासल्यावर कळले, की काटाच बिघडला आहे. मग सगळ्यांच्या देखत साहेब त्याला म्हणाले, "तुला पगार काम करायला मिळतो, अक्कल पाजळायला नाही." आजूबाजूचे चार जण हसले. त्या हसण्याची आठवण ताजी होती. म्हणून या खेपेला तो मनाशी म्हणाला, 'असेल काटाच बिघडलेला. जरा वाट पाहू.' अर्ध्या तासाने दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष गेले, धावाधाव झाली, भांडे थंड केले गेले. कोणाला इजा झाली नाही. त्या बॅचचा माल मात्र टाकून द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. "कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" असे विचारले गेले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यानेही घातली.

मला तो म्हणाला, "सर, साहेब ओरडले त्याचं मला दुःख नाही. आपल्याला दिसत होतं आणि आपण गप्प बसलो, या विचाराने झोप लागत नाही."

श्रोतेहो, या हकीगतीत दोष कोणाचा, हे ठरवण्याची घाई करू नका. तो साहेब काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यावर उत्पादनाचा बोजा होता, त्यालाही वरून कोणी बोलत असेल. पण त्याने आठ दिवसांपूर्वी उच्चारलेल्या एका वाक्याची किंमत त्या रात्री मोजावी लागली. माल गेला, आणि एका उमद्या मुलाचे मनही गेले. वरिष्ठाचा शब्द असा असतो. तो बोलून विसरतो, आणि ज्याला लागतो तो त्याप्रमाणे वागू लागतो.

हा प्रश्न आपल्या कोकणाला नवा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस पूर्वी मुंबईच्या गिरणीत असे. आपले आजोबा-पणजोबा ज्याच्या हाताखाली राबले, तो त्यांचा वरिष्ठ म्हणजे जॉबर. बायकांच्या खात्यात हेच काम करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. गावाकडून माणसे आणायची ती जॉबरने, कामावर ठेवायचे त्याने, काढायचेही त्यानेच. त्याला दस्तुरी द्यावी लागे. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. मुंबईत नव्याने उतरलेल्या पोराला खोलीत जागा देणारा, अडीनडीला पैसे देणारा, तोही हाच जॉबर असे. तो आधारही होता आणि धाकही होता. पण ज्याच्या मर्जीवर चूल पेटते, त्याला खरे कोण सांगणार? १९३१ साली कामगारांच्या स्थितीविषयी शाही आयोगाचा अहवाल आला. त्या आयोगाने जॉबराच्या हातातल्या या सत्तेवर बोट ठेवले आणि भरतीचे काम त्याच्याकडून काढून कामगार अधिकाऱ्यांकडे सोपवावे, अशी शिफारस केली.

एकट्याचा आवाज वर पोचत नाही, म्हणून माणसे एकत्र येऊन बोलू लागतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले. आठवड्याला एक दिवस तरी विसावा हवा, ही त्यांची एक मागणी. ती मान्य होऊन रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० रोजी. म्हणजे 'साहेब, एक सांगायचं होतं' हे साधे वाक्य साहेबाच्या कानी जायला सहा वर्षे लागली!

सगळेच मालक मात्र असे बहिरे नव्हते. १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. नागपूरचा उन्हाळा आणि त्यात सूतगिरणीतली उष्णता! तिथे गैरहजेरी फार. दंड करणे हा सोपा उपाय होता आणि त्या काळी तो सर्रास वापरात होता. टाटांनी दुसरी वाट धरली. माणूस का टिकत नाही, हे आधी पाहिले. गिरणीत हवा थंड व दमट ठेवण्याची सोय केली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी काढला. १८९५ साली अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. असा कायदा सरकारने केला तो १९२३ साली. ही काही नुसती दया नव्हती. टिकलेला आणि निर्धास्त कामगार जास्त चांगले काम करतो, हा हिशेब त्यामागे होता.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. पहाऱ्यासाठी माणसे नेमायची वेळ आली, तेव्हा गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी त्या कामावर घेतले. लोकांनी त्यांना वेड्यात काढले असणार. पण ज्याच्यावर कोणीच विश्वास टाकत नाही, त्याच्यावर कोणी तो टाकला, की तो माणूस त्या विश्वासाला जिवापाड जपतो. लक्ष्मणरावांना हे पुस्तकात वाचावे लागले नाही.

आता पुस्तकातलेही थोडे सांगतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी इथे विशेष लक्ष द्यावे, कारण हा प्रयोग मुलांवरच झाला. कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांसह अमेरिकेतल्या आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मंडळे बनवली. त्यांचे निष्कर्ष १९३९ साली प्रसिद्ध झाले. मुलांना मुखवटे बनवण्यासारखी हस्तकामे दिली होती. एका प्रकारचा नेता सगळे स्वतः ठरवी आणि हुकूम सोडी. दुसरा मुलांशी चर्चा करून काम ठरवी, स्वतः त्यांच्यात बसे. तिसरा काहीच करत नसे. 'काय हवं ते करा' म्हणून बाजूला होई.

परिणाम काय दिसला? हुकूम सोडणाऱ्याच्या हाताखाली मुले पुष्कळ काम करीत, पण तो समोर असेपर्यंत. तो खोलीबाहेर गेला की काम थांबे. मुले एकमेकांवर तरी चिडत, नाहीतर अगदी मुकी होऊन बसत. चर्चा करणारा बाहेर गेला तरी काम चालूच राही. आणि तिसरा, मोकळे सोडणारा? त्याच्याकडे काम सर्वांत कमी आणि ढिसाळ झाले. ही तिसरी गोष्ट आपण विसरतो. चांगला वरिष्ठ म्हणजे ढिला वरिष्ठ नव्हे. मास्क न लावता कोणी आत निघाला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवलेच पाहिजे. तिथे गोड बोलून डोळेझाक करणारा साहेब हा साहेब नव्हे, वैरी समजावा.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. १९९० नंतरच्या दशकात एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन विदुषीने रुग्णालयातल्या विभागांचा अभ्यास केला. रोग्यांना औषध देताना कोणत्या विभागात किती चुका होतात, हे त्या पाहत होत्या. त्यांचा कयास असा, की जिथली प्रमुख परिचारिका चांगली, माणसे मिळूनमिसळून काम करणारी, तिथे चुका कमी असतील. आकडे आले ते उलटे! चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त. आधी त्या चक्रावल्या. मग खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे. तिथे त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. धाकाच्या विभागात त्या झाकल्या जात होत्या. सांगितलेली चूक सुधारता येते. झाकलेली चूक मात्र आतल्या आत कुजत राहते.

म्हणून मी म्हणतो, ज्या साहेबाच्या खात्यात कधी काही चुकतच नाही, त्याचे कौतुक करण्याआधी जरा थांबावे. तिथे खरोखर सगळे ठीक आहे, की तिथे कोणी बोलत नाही, हे पाहावे.

आता प्रकृतीकडे वळू. साहेबाच्या वागण्याने माणूस आजारी पडतो, हे आपल्या बायाबापड्यांना ठाऊकच आहे. घरधनी कामावरून आला, की तो चप्पल कशी काढतो यावरून घरातल्यांना कळते, आज साहेबाचा पारा कुठे होता. पण याला मोजमापाचाही आधार आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या भागातल्या ३,१२२ नोकरदार पुरुषांना त्यांच्या वरिष्ठाविषयी प्रश्न विचारले गेले. तो काम नीट समजावून सांगतो का, लागेल ती माहिती देतो का, अशा तऱ्हेचे साधेच प्रश्न. पुढे सुमारे दहा वर्षे त्या माणसांच्या प्रकृतीवर नजर ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी आपल्या वरिष्ठाला चांगले म्हटले होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. एका पाहणीवरून सगळे सिद्ध होत नाही, हे खरे. पण सतत कोणाच्या तरी मर्जीकडे डोळे लावून जगणाऱ्याच्या छातीवर ताण येणारच, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही.

आणि रासायनिक कारखान्यात हा प्रश्न एकट्याच्या प्रकृतीपुरता राहत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची ती भोपाळची रात्र कोणी विसरू शकेल काय? त्या कारखान्यात धोका आहे, हे राजकुमार केसवानी हे तिथले पत्रकार दोन वर्षे आधीपासून लिहीत होते. कामगारांच्या संघटनेनेही इशारे दिले होते. सांगणारे होते; ऐकणारे नव्हते. हजारो माणसे गेल्यावर देशाला जाग आली. १९८७ साली कारखाना कायद्यात भर घालण्यात आली. धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा समिती असावी आणि तीत व्यवस्थापनाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावेत, असे ठरले. जिवाला धोका आहे असे वाटले, तर ते व्यवस्थापकाच्या आणि सरकारी निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० साली संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेतही धोका कळवण्याचा हा हक्क राखला आहे.

२०२१ च्या मार्च महिन्यात लोट्याच्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. त्या अपघाताचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही, आणि ही ती जागाही नव्हे. पण ज्या घरांतून रोज कोणी तरी डबा घेऊन त्या फाटकातून आत जातो, त्या घरांसाठी आजचा विषय नुसता व्याख्यानाचा नाही. आणि खाडीकाठच्या भोयांसाठीही नाही. कुठे काय सुटले, काय सांडले, हे आत काम करणाऱ्याला सर्वांत आधी कळते. तो मुका झाला, तर दाभोळच्या खाडीतली मासळी आणि गावातली विहीर यांची किंमत त्याच्या मौनात मोजली जाते.

कायदा हक्क देतो. पण रात्री तीन वाजता तो हक्क वापरायचा, की गप्प बसायचे, हे कायद्याचे पुस्तक ठरवत नाही. समोर उभ्या असलेल्या साहेबाचा चेहरा ते ठरवतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे. त्याचा साहेब कोण, ठेकेदार की कारखान्याचा अधिकारी, हेच त्याला नीट माहीत नसते. उद्या बोलावतील की नाही याची धास्ती असते. सर्वांत धोक्याचे काम पुष्कळदा त्याच्याच वाट्याला येते, आणि सर्वांत कमी ऐकले जाते तेही त्याचेच.

मग वरिष्ठाने करावे तरी काय? फार मोठे काही नाही.

पहिली गोष्ट, कोणी वाईट बातमी आणली तर तोंडातून पहिला शब्द निघावा तो "बरं झालं सांगितलंस." बातमी खोटी ठरली, तरीही हाच शब्द. दहा वेळा काटा बिघडलेला निघेल, अकराव्या वेळी नसेल. त्या अकराव्या वेळेसाठी दहा वेळा शांतपणे ऐकावे लागते.

दुसरी गोष्ट, चूक दाखवायची ती बाजूला घेऊन, शाबासकी द्यायची ती चारचौघांत. आपल्याकडे नेमके उलटे चालते.

तिसरी गोष्ट न्यायाची. कोकणातल्या कारखान्यात न्यायाची खरी परीक्षा गणपतीत होते. भट्टी काही गणपतीला बंद ठेवता येत नाही. कोणाला तरी कामावर राहावेच लागते. गौरी-गणपतीला घरी नसणे म्हणजे काय, हे कोकणी माणसाला सांगायला नको. एका शिफ्ट इन्चार्जची पद्धत मला कळली. तो दोन महिने आधी सगळ्यांना बसवून यादी करतो. गेल्या वर्षी कोण राहिला होता, हे वहीत पाहतो. आणि चतुर्थीच्या दिवशी कामावर राहणाऱ्यांत पहिले नाव स्वतःचे लिहितो. त्याच्या पाळीत सणाच्या दिवशी कोणी आजारी पडत नाही, असे ऐकतो!

चौथी गोष्ट, विचारत राहावे. माणूस आपण होऊन बोलत नाही. पाळी संपताना "आज काय खटकलं?" एवढे विचारले, तरी पुष्कळ काही बाहेर येते.

या गोष्टी काही कारखान्यापुरत्या नाहीत. ग्रामपंचायतीचा सरपंच, दूध सोसायटीचा अध्यक्ष, बचत गटाची प्रमुख, शाळेचे मुख्याध्यापक, या सगळ्यांच्या दाराशी कोणी ना कोणी घुटमळत उभे असतेच.

आणि आता, शिक्षकमित्रहो, शेवटी एक कबुली. त्या विद्यार्थ्याची हकीगत ऐकून मी त्याला म्हटले, "अरे, तू बोलायला हवं होतंस." तो जरासा हसला. म्हणाला, "सर, गप्प बसायची सवय काय कारखान्याने लावली? वर्गात कोणी शंका विचारली की तुम्ही म्हणायचात, 'एवढंही कळत नाही का?' मग आम्ही विचारणं सोडलं."

मला आठवले. मी तसे म्हणत असे. पुष्कळ वेळा म्हटले असेन. अभ्यासक्रम संपवायचा असे, तास संपत आलेला असे. त्या मुलाच्या मौनाचा पहिला धडा कोणा शिफ्ट इन्चार्जने दिला नव्हता. तो माझ्या वर्गात दिला गेला होता. लोट्याच्या फाटकातून जी मुले आत जातात, ती आपल्याच बाकांवरून उठून गेलेली असतात. शंका विचारायला भिणारे पोर उद्या धोका सांगायलाही भिते. त्या दिवसापासून ते वाक्य मी टाकून दिले आहे. कधी जिभेवर येते, नाही असे नाही. मग गिळतो.

त्या मुलाची पुढे दुसऱ्या पाळीत बदली झाली. तिथला इन्चार्ज, मघाशी सांगितलेला तो चतुर्थीला स्वतः राहणारा. तिथे काम कमी आहे का, असे मी विचारले. "काम तेवढंच आहे, सर," तो म्हणाला. "ओरडतातसुद्धा कधी कधी. पण सांगायला गेलं तर ऐकतात. झोप लागते आता."

आपल्याकडे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालायची रीत आहे. मनातले सगळे, बरे-वाईट, देवापुढे मोकळेपणाने मांडतात. देव रागावेल म्हणून कोणी कधी गाऱ्हाणे लपवत नाही. माणसाला देव होता येणार नाही, आणि साहेबाने तर त्या फंदात पडूच नये. पण आपल्या हाताखालच्या माणसाने दाराशी येऊन "एक सांगायचं होतं" म्हटले, तर हातातले काम बाजूला ठेवून "ये, बस, बोल," एवढे म्हणणे कोणालाही जमण्यासारखे आहे. उद्या सकाळी कामावर गेल्यावर तेवढे करून पाहा.